तुमच्या काउंटीचा मॅनेजर कोण?
उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

उत्तर अमेरिकेतल्या सर्व मराठी मंडळांचे अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य यांस,



संक्रांतीचा कार्यक्रम उरकला की मंडळाचं पुढचं वेळापत्रक ठरायला लागतं. पाडवा, उन्हाळी सहल, मग गणपती. यंदाच्या वेळापत्रकातली मार्चमधली एक संध्याकाळ मला तुमच्याकडे मागायची आहे. त्या संध्याकाळी तुमच्या काउंटीच्या मॅनेजरला मंडळात बोलवा. तो किंवा ती या पदावर कशी पोहोचली ते त्यांच्याच तोंडून ऐका, आणि बजेटबद्दल प्रश्न विचारा. हे मागणं का, ते जरा सविस्तर लिहिते.

आपल्या लोकांना वॉशिंग्टनचं राजकारण तोंडपाठ असतं. श्री ठाणेदार जानेवारी २०२३ मध्ये मिशिगनमधून काँग्रेसमध्ये गेले, तेव्हा आपल्याला आनंद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण गल्लीतला बर्फ सकाळी कधी निघणार, रात्री घरात कुणाला छातीत दुखलं तर ॲम्ब्युलन्स किती मिनिटांत दारात येणार, ग्रंथालय रविवारी उघडं राहणार की नाही, हे काँग्रेसमध्ये ठरत नाही. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आपले आईबाबा आठवा. त्यांना गाडी चालवता येत नाही. त्यांचं इथलं सगळं जग म्हणजे कोपऱ्यावरची बस, चालत जाता येईल अशी बाग आणि ग्रंथालयातली वर्तमानपत्रांची खोली. त्या बसच्या फेऱ्या कमी झाल्या तर आईबाबा घरात कोंडले जातात. या गोष्टी ज्याच्या टेबलावर ठरतात त्याचं नाव मी ओळखीच्या मराठी घरांत विचारून पाहते. सहसा कुणाला सांगता येत नाही.

मी व्हर्जिनियातल्या अर्लिंग्टनमध्ये राहते. पोटोमॅकच्या पलीकडे राजधानी, अलीकडे आम्ही. जेमतेम सव्वीस चौरस मैलांची ही काउंटी. तिच्या हद्दीत वेगळं शहर किंवा गाव नाही, त्यामुळे इतर ठिकाणी महापालिका करते ती कामंही इथे काउंटीच करते. १९३० साली इथल्या मतदारांनी कौल देऊन मॅनेजर पद्धत स्वीकारली. मतदानाने असा निर्णय घेणारी ही अमेरिकेतली पहिली काउंटी. १ जानेवारी १९३२ पासून ती पद्धत सुरू झाली आणि रॉय ब्रेडन पहिले काउंटी मॅनेजर झाले. मांडणी आजही तीच आहे. लोक पाच जणांचं काउंटी बोर्ड निवडतात, बोर्ड मॅनेजर नेमतं, मॅनेजर खातेप्रमुख नेमतो. पाचांपैकी तिघांचं मत फिरलं की मॅनेजरने खुर्ची सोडायची. शेरीफ, ट्रेझरर, सरकारी वकील हे लोकांनी थेट निवडलेले, शाळांचं बोर्ड निराळं. बाकी पोलीस, अग्निशमन, रस्ते, सांडपाणी, बागा, ग्रंथालयं, गरजूंना मदत, स्थानिक बस, सगळं मॅनेजरच्या हाताखाली. वर्षाचं बजेट दीड अब्ज डॉलरच्या पुढचं. ते पैसे मुख्यतः आपल्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतात, घराच्या दर शंभर डॉलर किमतीमागे साधारण एक डॉलर. म्हणजे इथे घर घेतलेलं प्रत्येक मराठी कुटुंब या माणसाच्या हाती दरवर्षी हजारो डॉलर सोपवतं.

या पदाची सुरुवातही व्हर्जिनियातलीच, आणि ती आपल्याला तर माहीत असायलाच हवी. शेनांडोआ खोऱ्यातल्या स्टाँटन या छोट्या शहराने १९०८ साली ठरवलं की रोजचा कारभार निवडून आलेल्या समित्यांनी न चालवता त्यासाठी एक जाणकार माणूस पगारावर ठेवायचा. त्या जागेवर आला चार्ल्स ॲशबर्नर. पेशाने अभियंता, रेल्वे आणि रस्त्यांच्या कामांवर राबलेला. आणि त्याचा जन्म मुंबईतला, १८७० सालचा, एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या घरातला. अमेरिकेतला पहिला सिटी मॅनेजर म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो मुंबईत जन्मला होता, ही गोष्ट एकाही मराठी स्नेहसंमेलनात माझ्या कानावर आलेली नाही. त्याची पुढची वाटचाल बघा. स्टाँटननंतर ओहायोतलं स्प्रिंगफिल्ड, मग व्हर्जिनियातलं नॉरफोक बंदर, मग कॅलिफोर्नियातलं स्टॉक्टन. १९१४ साली मूठभर मॅनेजर स्प्रिंगफिल्डला जमले, त्यांनी आपली संघटना काढली आणि ॲशबर्नर तिचा पहिला अध्यक्ष झाला. तीच संघटना आज आयसीएमए म्हणून ओळखली जाते. तिने १९२४ साली आचारसंहिता केली. मॅनेजरने निवडणुकीच्या राजकारणात पडायचं नाही, कुणाचा प्रचार करायचा नाही, हे या पेशातले लोक आजही कसोशीने पाळतात.

ॲशबर्नरच्या वेळी या कामाला अभियंता लागायचा, कारण गावांना रस्ते, धरणं, नळ आणि गटारं हवी होती. १९१३ च्या महापुराने ओहायोतलं डेटन उद्ध्वस्त केलं आणि त्या शहराने मॅनेजर पद्धत घेतली, तेव्हा तिथेही सिनसिनाटीचे शहर अभियंता हेन्री वेट यांनाच आणलं. आता वाट वेगळी आहे. बहुतेक जण सार्वजनिक प्रशासनात मास्टर्स करतात. सिराक्यूजचं मॅक्सवेल स्कूल आणि कॅन्सस विद्यापीठ यांची या शिक्षणासाठी मोठी ख्याती आहे. मग एखाद्या लहान गावात उमेदवारी, बजेट विश्लेषक म्हणून काही वर्षं आकड्यांशी झुंज, मॅनेजरचा सहायक, एखाद्या खात्याचा प्रमुख, उपव्यवस्थापक. त्यानंतर कुठल्या तरी बोर्डाने विश्वास टाकला तर मॅनेजर. मधल्या काळात दोनतीन राज्यं बदलतात, मुलांच्या शाळा बदलतात. आणि एवढं करून नोकरीची शाश्वती नाही. नवं बोर्ड आलं आणि त्याला नको असेल, तर करारात ठरलेले पैसे घेऊन निघायचं. मला या लोकांबद्दल मनापासून आदर आहे तो यासाठी.

अर्लिंग्टनचेच मॅनेजर घ्या. २००१ ते २००९ रॉन कार्ली होते, ते सामाजिक सेवांचं खातं सांभाळून वर आलेले. त्यांच्यानंतर सव्हॅना शहर अनेक वर्षं चालवलेले मायकेल ब्राऊन आले आणि काही महिन्यांतच गेले. मग २०१० मध्ये बोर्डाने घरच्याच माणसाला निवडलं, बार्बरा डोनेलन. त्या २०१५ ला निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी मार्क श्वार्ट्झ आले. डोनेलन आणि श्वार्ट्झ दोघांनीही आधी काउंटीचं आर्थिक खातं सांभाळलेलं. आर्थिक खात्यातून आलेल्या माणसाला पैसा कुठे मुरतो ते ठाऊक असतं, काउंटीची पत वर राहते, कर्ज स्वस्तात मिळतं. पण माझं मत विचाराल तर पुढचा मॅनेजर निवडताना बोर्डाने लोकांशी रोज संबंध येणाऱ्या खात्यात किमान काही वर्षं घालवलेला माणूस शोधावा. बेघरांच्या निवाऱ्यात, दवाखान्यात, ग्रंथालयाच्या काउंटरवर काय घडतं ते ज्याने स्वतः पाहिलंय, त्याच्या बजेटमध्ये ते दिसतं. तुमचं मत उलट असेल. त्यावर आपण बोललं पाहिजे, कारण बोर्डावरचे पाच जण आपल्यासारख्यांच्याच मतांवर निवडून येतात.

वर्षानुवर्षं जोपासलेल्या खात्यांची किंमत या काउंटीने ११ सप्टेंबर २००१ ला पाहिली. जग त्या दिवसाला न्यूयॉर्कच्या नावाने ओळखतं. पण पेंटॅगॉन अर्लिंग्टन काउंटीत आहे. सकाळी ९ वाजून ३७ मिनिटांनी विमान त्या इमारतीवर आदळलं. तिथे पहिल्या मिनिटांत पोहोचले ते अर्लिंग्टन काउंटीचे अग्निशामक, म्हणजे तुमच्या-माझ्या प्रॉपर्टी टॅक्समधून पगार घेणारे लोक. जगातल्या सर्वांत बलाढ्य लष्कराच्या मुख्यालयातल्या त्या आगीवर आणि बचावकार्यावर दहा दिवस हुकमत होती ती काउंटीच्या अग्निशमन दलाची. सहायक प्रमुख जेम्स श्वार्ट्झ यांच्याकडे घटनास्थळाची सूत्रं होती, आणि २१ सप्टेंबरला ती एफबीआयकडे गेली. अलेक्झांड्रिया, फेअरफॅक्स आणि विमानतळाची अग्निशमन पथकं न बोलावता एकमेकांच्या मदतीला धावतील, असे करार आधीपासून झालेले होते. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला गेला, तेव्हा अर्लिंग्टनचे अग्निशमन प्रमुख एडवर्ड प्लॉगर यांनी ‘हे आपल्याकडे झालं तर?’ म्हणून खास वैद्यकीय पथक उभं करायला घेतलं होतं. अशी तयारी वर्षानुवर्षं बजेटच्या कुठल्या तरी ओळीत असते. मंदीच्या वर्षी कात्री लावायला ती ओळ सर्वांत सोपी, कारण ती कापली तर त्या वर्षी कुणाच्या लक्षातही येत नाही. ती राखणारा माणूस आपल्याला हवा, आणि तो तशी ओळ राखतो की कापतो हे त्याच्या आधीच्या नोकऱ्यांतून आधीच कळू शकतं.

आता बजेट कसं ठरतं ते सांगते, कारण मार्चची संध्याकाळ मागण्याचं कारण तेच आहे. आमच्याकडे फेब्रुवारीत मॅनेजर आपलं प्रस्तावित बजेट बोर्डापुढे ठेवतो. मग बोर्ड कराचा कमाल दर जाहीर करतं. एकदा तो जाहीर झाला की त्यापेक्षा कमी दर लावता येतो, जास्त नाही, म्हणजे वर्षाची कमाल मर्यादा तिथेच ठरून जाते. मार्च-एप्रिलमध्ये जनसुनावणी, एप्रिलमध्ये मंजुरी, १ जुलैला नवं वर्ष सुरू. जनसुनावणी क्लॅरेंडन बुलेव्हार्डवरच्या एलन बोझमन इमारतीत होते. तुम्ही नाव नोंदवता, नाव पुकारलं की माईकपाशी जाता, समोर घड्याळ लागतं, वेळ संपेपर्यंत तुम्ही बोलता. कुणी टेनिस कोर्टाच्या दिव्यांसाठी येतं, कुणी मानसिक आरोग्याच्या समुपदेशकांसाठी, कुणी फक्त कर कमी करा म्हणायला. मॅनेजर बोर्डाबरोबर समोरच बसलेला असतो आणि लिहून घेत असतो. अशा सुनावण्यांना मी बसले आहे. आपली माणसं तिथे फार क्वचित दिसतात, इतकी वर्षं या भागात राहून, इतका कर भरून.

बोलून काय होतं, असं मला मंडळातच विचारलं गेलंय. त्याचं उत्तर गल्फ ब्रांचमध्ये आहे. उत्तर अर्लिंग्टनमध्ये पोटोमॅककडे उतरणाऱ्या एका ओढ्याकाठी हे लहानसं निसर्ग केंद्र आहे. एक जुनं घर, आवारात लाकडी ओंडक्यांची झोपडी, लोहाराची भट्टी, आणि नदीपर्यंत जाणारी पायवाट. शाळेतली मुलं तिथे कासवं आणि घुबडं बघायला येतात. २००९ च्या मंदीत मॅनेजरने मांडलेल्या बजेटमध्ये हे केंद्र बंद करायचा प्रस्ताव होता. पैसे खरोखरच कमी पडत होते, आणि मॅनेजरचं काम तोटा भरून काढायचे पर्याय मांडणं हेच आहे, त्यामुळे त्या प्रस्तावाबद्दल मी त्याला दोष देणार नाही. पण आसपासचे लोक उठले. त्यांनी मोहीम काढली, सुनावणीत रांग लावली, बोर्ड सदस्यांना गाठलं. केंद्र वाचलं. आजही उघडं आहे, मुलांना घेऊन जा. मॅनेजरचा प्रस्ताव म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, आणि तो कुठल्या दिशेने बदलेल हे त्या खोलीत कोण येतं यावर ठरतं.

खोलीत कुणीच आलं नाही तर काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. लॉस एंजेलिस काउंटीतलं बेल हे कष्टकऱ्यांचं गरीब शहर. तिथे १९९३ मध्ये रॉबर्ट रिझो कारभारी म्हणून आला, त्याआधी तो हेस्पेरिया शहरात होता. २००५ साली तिथे एक खास निवडणूक झाली. तिच्यामुळे नगरसेवकांच्या पगारांवरचं राज्याचं बंधन सुटणार होतं. मतदान केलं चारशेपेक्षाही कमी लोकांनी. २०१० च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने बातमी दिली की या छोट्या शहराच्या कारभाऱ्याचा पगार वर्षाला आठ लाख डॉलरच्या घरात आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा पगार चार लाख. २०१४ मध्ये रिझोला बारा वर्षांची शिक्षा झाली. सतरा वर्षं तो त्या खुर्चीत होता, आणि त्याचा पगार सार्वजनिक कागद होता. तो कागद मागणारे मात्र फारच थोडे होते.

पदांच्या नावांचा गोंधळ आहे, म्हणून आपली काउंटी कुठे बसते ते प्रत्येक मंडळाने एकदा तपासून घ्यावं. मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत कारभारप्रमुखाला एक्झिक्युटिव्ह म्हणतात आणि त्याला लोक थेट निवडतात. नदीच्या या बाजूला फेअरफॅक्समध्ये त्याच नावाचं पद बोर्ड नेमतं. कॅलिफोर्नियाच्या सँटा क्लारा काउंटीतही बोर्डच नेमतं. २०२४ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन सॅन होजेला झालं, ते याच काउंटीत. तिथे २००९ पासून २०२३ पर्यंत जेफ स्मिथ हे एक्झिक्युटिव्ह होते. ते डॉक्टरही आणि वकीलही, आणि त्याआधी शेजारच्या काँट्रा कोस्टा काउंटीचं सार्वजनिक रुग्णालय चालवलेले. सँटा क्लारा काउंटी स्वतःची मोठी रुग्णालयं चालवते, तेव्हा अशी पार्श्वभूमी तिथे किती उपयोगी पडली असेल याची कल्पना करता येते. त्यांच्यानंतर आलेले जेम्स विल्यम्स काउंटीचे वकील होते. क्युपर्टिनो, सनीव्हेलच्या मराठी मंडळींनी त्यांना बोलावून हेच विचारावं, की वकिलाच्या नजरेला रुग्णालयाचं बजेट कसं दिसतं.

आपल्याकडे जिल्हा परिषदेचा सीईओ असतो, त्याच्याशी ही तुलना सहज मनात येते. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हापासून ते पद आहे. फरक मोठा आहे. तिथे सीईओ राज्य सरकार पाठवतं आणि बदलीही तेच करतं, निवडून आलेल्या सदस्यांना त्यात फारसा आवाज नसतो. मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, आणि पुढची काही वर्षं सीईओच प्रशासक म्हणून सभागृहाशिवाय कारभार करत राहिले. त्यांतले अनेक अधिकारी कर्तबगार असतील. पण जाब विचारणारं सभागृहच नव्हतं. आपल्यातले जे लोक गावाकडच्या या परिस्थितीबद्दल हळहळतात, त्यांच्या इथल्या काउंटीत सभागृह भरतं, दारं उघडी असतात आणि माईक चालू असतो.

एक विनंती मुलांसाठीही आहे. आपली मुलं डॉक्टर होतात, सॉफ्टवेअरमध्ये जातात, हल्ली वकीलही होतात. सार्वजनिक सेवा म्हटलं की आपल्याला निवडणूकच आठवते. निवडणूक न लढवता हजारो कर्मचाऱ्यांची संस्था चालवण्याची, आणि एका गावाचं पाणी, रस्ते, आग, आजार हे सगळं आपल्या जबाबदारीवर घेण्याची ही एक वाट आहे. आयसीएमएची नव्या पदवीधरांसाठी फेलोशिप आहे, त्यातून थेट एखाद्या शहराच्या किंवा काउंटीच्या कार्यालयात काम मिळतं. हायस्कूलमधल्या मुलांना त्या मार्चच्या कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसवा. मॅनेजरला विचारा, पहिली नोकरी कुठे होती, पहिल्या बजेटमध्ये काय कापावं लागलं, कुठल्या बोर्डाने काढून टाकलं का, आणि काढलं तर कशावरून. या पेशातली माणसं अशा प्रश्नांना मोकळेपणाने उत्तरं देतात.

आणि ज्यांचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे त्यांना मुद्दाम सांगा. मतदानाला नागरिकत्व लागतं, जनसुनावणीत बोलायला लागत नाही. तुम्ही इथे राहता, भाडं भरता, तुमची मुलं इथल्या शाळेत जातात, तुमचे आईबाबा इथल्या बसने ग्रंथालयात जातात. एवढं पुरेसं आहे.

कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि मॅनेजरच्या कार्यालयाला त्याच आठवड्यात ईमेल करा. बजेटच्या दिवसांत त्यांचं वेळापत्रक लवकर भरतं.

आपली,
अर्लिंग्टनमधली एक मराठी रहिवासी